नाशिकच्या सराफ बाजारातलं टंच (सोन्याची शुद्धता) काढून देणारं दुकान : पाचपैकी चार तारे

आईच्या पाटल्यांची वाटणी करायची होती आणि त्या किती कॅरेटच्या, यावर घरात एकमत होईना. आत्या म्हणे, "अस्सल बावीस. माझ्यासमोर घडवल्यात." वहिनीचं म्हणणं, तेव्हाचे सोनार तांबं सढळ हाताने घालायचे. एका पेढीवर नेल्या, तर त्यांनी कसावर घासून "वीसच्या वर नाहीत" असं सांगितलं आणि त्याच दमात मोडीचा भावही काढला. विकत घेणाराच कस ठरवणार!

म्हणून दहीपुलाकडून आत शिरून हे दुकान गाठलं. इथे फक्त टंच काढून देतात. सोनं घेत नाहीत, विकत नाहीत. पाटल्या बावीसच्या निघोत की अठराच्या, त्यांची फी तेवढीच.

पण फायदा-तोटा नाही म्हणून आकडा आपोआप बरोबर येत नाही, आणि मला हे दुकान आवडलं ते त्यांच्या तपासायच्या पद्धतीमुळे. मशीनवरच्या मुलाने आधी स्वतःकडचा, टंच माहीत असलेला तुकडा लावून आम्हाला पडदा दाखवला. आत्या पाटल्यांचा इतिहास सांगायला लागली, तर म्हणाला, "मावशी, आधी आकडा येऊ द्या, मग ऐकतो." मग पाटली ब्रशने स्वच्छ केली आणि मार्करने तीन ठिपके काढले, सांध्यापासून लांब. सांध्यावर झाळ (जोडायला वापरलेला कमी शुद्धतेचा धातू) असते, तिथे टंच कमी दाखवतो. ठिपके आधीच कशाला, असं मी विचारलं. "आकडे बघून जागा निवडली की पाहिजे तो आकडा काढता येतो, ताई."

आकडे आले ८७.६, ८७.४, ८७.९, म्हणजे शंभर भागांत इतकं सोनं. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६, एकवीस म्हणजे ८७.५. आमच्या भावाचं तोंड उतरलं. "परत एकदा लावा." त्याने कुरकुर न करता लावलं. ८७.५. मग हळूच म्हणाला, "ब्याण्णव आले असते तर परत लावा म्हणाला असतात का, दादा?" भाऊ गप्प. (वहिनी नाही.)

मशीनची मर्यादाही त्याने न विचारता सांगितली. त्यातला एक्स-रे सोन्याचा वरचा पातळ थरच वाचतो, त्यामुळे जाड मुलामा असेल तर फसतो. पक्की खात्री हवी तर थोडं सोनं कापून, शिशाबरोबर भट्टीत घालून तपासावं लागतं. आणि मोडायचंच असेल तर वितळवल्यावर झाळही त्यात मिसळणार, तेव्हा टंच आणखी थोडा उतरेल, हेही बजावलं. पाटली कापायला आत्या तयार नव्हती, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क आला २००० साली. या पाटल्या त्याच्या कितीतरी आधीच्या, त्यामुळे शिक्का वगैरे बघायचा प्रश्नच नव्हता.

"मशीनला काय कळतंय" हे आत्याचं अजून चालू आहे. पण वाटणी ८७.५ धरूनच झाली. तो आकडा आमच्यापैकी कोणाच्याच तोंडून आलेला नव्हता, त्यामुळे कोणाला पडतं घ्यावं लागलं नाही.

एक तारा कापला तो पावतीसाठी. कागद बस तिकिटासारखा, महिन्याभरात अक्षरं उडतात, फोटो काढून ठेवा. शिवाय कुठली पाटली, वजन किती, हे त्यावर छापत नाहीत. आम्ही पेनाने लिहून घेतलं. बसायला एकच बाकडं आहे, लग्नसराईत उभंच राहावं लागतं. चारचाकी आत नेण्याच्या भानगडीत पडू नका. आणि पावसाळ्यात जाणार असाल, तर दुतोंड्या मारुतीला (गोदाकाठची मूर्ती, पुराचं पाणी तिच्यावरून मोजतात) पाणी कुठपर्यंत आलंय ते आधी विचारा. गोदेला मोठा पूर आला की सराफ बाजारात दुकानं उघडण्याऐवजी माल वर चढवण्याचं काम चालू असतं.