लायमन ग्रेट प्लेन्स रायफल: ठासणीची बंदूक, पण नेमाची

घाईच्या माणसाने ही बंदूक घेऊच नये. लायमनची ग्रेट प्लेन्स रायफल, पन्नास कॅलिबर, म्हणजे नळीचं भोक अर्ध्या इंचाचं, आणि केपवाली, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी लावायची. नाव अमेरिकन कंपनीचं, घडण इटलीतल्या इन्व्हेस्टआर्म्सची आणि ठेवण सेंट लुईसच्या जेकब व सॅम्युअल हॉकेन या भावांच्या बंदुकांची. अष्टकोनी नळी ३२ इंच, अक्रोडाचा दस्ता, चाप दोन. वजन चार किलोच्या वर, त्यामुळे उभ्याने नेम धरला की डावा हात कुरकुरायला लागतो. पण त्याच वजनामुळे नळी डुलत नाही. मी वापरलेली घेतली आणि ओहायोतल्या सिनसिनाटीजवळच्या रेंजवर बरेच शनिवार तिच्यापायी घालवले.

घेण्याआधी एकच आकडा बघा: नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा. हिच्यात ६० इंचांत एक फेरा आहे, म्हणजे अगदी संथ. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीला हाच मानवतो. लांबट गोळ्या मारायच्या असतील तर त्याच घराण्यातली ग्रेट प्लेन्स हंटर घ्या, तिचा पीळ ३२ इंचांत एक. लायमनच्याच ट्रेड रायफलचा पीळ ४८चा, ती दोन्हींचं थोडंथोडं करते. मला गोल गोळीच मारायची होती, म्हणून ही.

आमच्या सावंतवाडीकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक वाडीत एखाददुसरी असायचीच. गुळगुळीत नळी, दारू, चिंधी, छर्रे, वर पुन्हा चिंधी, आणि मग गजाने दणादण ठोकायचं. मोठा बार झाला, माकडं पळाली, काम संपलं. तो हात इथे चालत नाही. पिळाच्या नळीत शिशाची मऊ गोळी ठोकून बसवली की ती चपटते, आणि चपटलेली गोळी सरळ जात नाही.

तेव्हा दारूपासून सुरुवात. टू-एफ (दाण्याच्या जाडीची प्रत) काळी दारू, ६० ग्रेनपासून (१५ ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम) पाच-पाचने चढत जायचं. माझ्या नळीला ७० मानवली. प्रत्येक वेळी मापातूनच ओतायची. दारूच्या शिंगातून थेट नळीत कधीही नाही. मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत असेल तर अख्खं शिंग हातात पेटेल. मग उशीच्या अभ्र्याचं घट्ट सुती कापड, जाडी ०.०१५ ते ०.०१८ इंच, चरबी आणि मेणात माखलेलं. त्यावर ०.४९० इंचाची गोळी, वजन १७७ ग्रेनच्या आसपास. आखूड दांडीने तोंडातून आत ढकलायची आणि मग गजाने एका दमात, सारख्या दाबाने, दारूवर टेकेपर्यंत. गोळी आणि दारूत पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा धोका. गजावर खूण करून ठेवा. खूण नळीच्या तोंडाशी आली की थांबा, वर आणखी दणके नकोत.

बार उडाल्यावर पुढे जाऊन कापडं गोळा करा (रेंज थंड झाल्यावर, म्हणजे सगळ्यांचा गोळीबार थांबल्यावर, अर्थात). लोक लक्ष्याकडे धावतात. मला कापड जास्त सांगतं. मधोमध काजळीचा गोल, कडा थोड्या फाटक्या, म्हणजे ठीक. मध्ये जळून भोक, तर कापड पातळ किंवा चरबी कमी. सुरीने कापल्यासारख्या चिरा दिसल्या तर पिळाच्या धारा अजून तीक्ष्ण आहेत. नव्या नळ्यांत हे होतंच, वापराने त्या मऊ होतात.

दर बारानंतर ओलसर चिंधी एकदा खाली, एकदा वर. हे टाळलं की चौथी-पाचवी गोळी अडकत उतरते, दाब बदलतो आणि लक्ष्यावर गोळ्या पांगतात. ओहायोच्या दमट उन्हाळ्यात काजळी मऊ राहते. थंडीत हवा कोरडी, तेव्हा तीच काजळी खरपुडीसारखी धरते.

एवढं सगळं केल्यावर ५० यार्डांवर, टेकून, पाच गोळ्या दोन इंचांत. १०० यार्डांवर साडेचार, त्यात माझ्या चष्म्याचा वाटा मोठा. मागचा चाप ओढून टक केलं की पुढचा नुसत्या स्पर्शाने सुटतो. ही सोय मला बेहद्द आवडली, पण बंदूक खांद्याला लावून लक्ष्यावर धरल्याशिवाय मागचा चाप ओढू नका.

खरी ठासणी बघायची असेल तर इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी जा, सिनसिनाटीहून तासाभराचा रस्ता. १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनची रेंज तिथे आहे. मुरलेली माणसं प्रत्येक बार अगदी एकाच लयीत भरतात.

साफसफाईत ही बंदूक उजवी. दोन पाचरी काढल्या की नळी दस्त्यातून सुटते. मागचं टोक गरम पाण्याच्या बादलीत, वरून गजाने चिंधी खालीवर. हे त्याच दिवशी. काळ्या दारूची राख ओल ओढते आणि रात्रीत गंज धरतो. कोरडी करून तेल, आणि पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल पुसून एक-दोन केपा रिकाम्याच उडवायच्या, म्हणजे वाट मोकळी होते.

वापरलेली घेणार असाल तर दुकानातच गज आत सोडा. तो तळाला टेकला की तोंडाशी बोट धरून बाहेर काढा आणि नळीला बाहेरून लावून बघा. टोक केपेच्या जागेपाशी येत नसेल, इंच-दीड इंच अलीकडेच थांबत असेल, तर बंदूक भरलेली आहे असंच समजा. जुन्या ठासणीच्या बंदुकांत विसरलेला बार सापडतो. तशी दिसली तर केपेला हात न लावता, नळी सुरक्षित दिशेला ठेवून दुकानदाराला हाक मारा.