लांबच्या वाटेवर दोन-तीन क्रॅश पॅड वाहून नेणे: एका हंगामाचा अनुभव

क्रॅश पॅड म्हणजे दोराशिवाय दगड चढताना पडलो तर लागू नये म्हणून खाली पसरायची जाड गादी. तो घेताना प्रत्येक जण फोम मुठीनं दाबून बघतो. कुणी त्यावर उडीही मारतो. पट्टे ओढून बघणारा अजून मला भेटलेला नाही. आम्हाला मात्र दगडाखाली पॅड पसरायच्या आधी तासभर तो पाठीवर वागवायला लागतो, आणि त्या तासात फोम किती चांगला आहे याचा काडीचा उपयोग नसतो. म्हणून हा अनुभव फोमचा कमी आणि पट्ट्यांचा जास्त आहे.

आम्ही बेळगावची तीन-चार पोरं. जातो गोकाक तालुक्यातल्या एका माळावर. नेमकी जागा मुद्दाम सांगत नाही, कारण वाट लोकांच्या शेतातून जाते आणि तिथं गर्दी झालेली त्यांना चालणार नाही, आम्हालाही नाही. गोकाकच्या धबधब्याचं पाणी ज्या १७० फुटी कड्यावरून पडतं, त्याच जातीचा हा वालुकाश्म. बदामीचा दगडही खडकांच्या याच, कलादगी नावाच्या कुळातला, पण बदामीत गावातून निघालं की लगेच कडा समोर येतो. इथं ओम्नी रस्त्याला लावायची आणि पुढं चालायचं: आधी उसाचा बांध, मग नाला, मग उघडा माळ, शेवटी कड्याखालची चढण. दिवाळीनंतर पाऊस पुरता हटला तेव्हा सुरुवात केली आणि उन्हानं दगडाला हात लावणं नको झालं तोपर्यंत जात राहिलो.

सामान असं. मोठा पॅड विकतचा, मधोमध घडी पडणारा. उघडला की साधारण १३० बाय १०० सेंटीमीटर, जाडी १०, वजन ७ किलो. दुसरा बेळगावातल्याच शहापुरात गाद्या करणाऱ्याकडून बनवून घेतला. वरती अडीच सेंटीमीटर कडक ईव्हीए फोम, खाली ४० डेन्सिटीचा मऊ पीयू फोम. कडक थर वर असला की टाचेचा मार एका जागी न बसता पसरतो, मऊ थर खाली तो पिऊन घेतो. उलटं केलं तर टाच सरळ जमिनीला लागते. कव्हर ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून. हा ६ किलो भरतो आणि विकतच्याच्या तिसऱ्या हिश्श्यात पडला. तिसरा नुसता पातळ तुकडा, दोन पॅडमधली फट झाकायला, २ किलो. त्यावर चार लिटर पाणी, शूज, हाताला लावायची चॉक पावडर, ब्रश, डबा, प्रथमोपचाराची पिशवी. एकट्यावर सगळं लादलं तर २१ किलो होतं. साठ किलोच्या माणसाला हे म्हणजे स्वतःच्या वजनाचा तिसरा हिस्सा.

पण वजनानं माणूस थकतो, एवढंच. रडवतो तो आकार. हिशोब सोपा आहे. १० सेंटीमीटरचा पॅड घडी घातली की २० होतो. त्याचा मध्य पाठीपासून १० सेंटीमीटरवर. त्याच्यामागं दुसरा लटकवला की त्याचा मध्य ३० सेंटीमीटरवर जातो. म्हणजे हलका असलेला मागचा पॅड पुढच्या जड पॅडपेक्षा अडीचपट जास्त जोरानं तुम्हाला मागं ओढतो. मग माणूस पुढं वाकतो, मान वर करून वाट बघायला जातो, तर पॅडची वरची कड डोक्याच्या मागं टक्कन लागते. उतारावर खालची कड पोटऱ्यांना. दोन्ही टाळायचं तर पॅड वर-खाली किती सरकवायचा याला प्रत्येकाच्या उंचीप्रमाणं एकच जागा असते, आणि ती घरात आरशासमोर सापडत नाही. नाल्यात उतरताना सापडते.

म्हणून मागं लटकवायची पद्धत आम्ही पहिल्या महिन्यातच सोडली. आता दुसऱ्या पॅडची घडीच घालत नाही. तो उघडाच ठेवून मोठ्या पॅडच्या बाहेरच्या अंगाला सपाट लावतो आणि दोन कॅम बकलच्या (दातेरी खटक्याखाली पट्टी दाबून धरणाऱ्या बकलच्या) पट्ट्यांनी बाहेरून आवळतो. जाडी ४० वरून ३० वर येते. रुंदी वाढते, त्यामुळं बाभळीच्या बेटातून आडवं होऊन जायला लागतं, पण झोका जातो. पातळ तुकडा मोठ्याच्या घडीत. पाणीही घडीतच, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला आणि पाठीच्या बाजूला. खाली ठेवलं तर बाटल्या वाटभर घसरत जाऊन तळाशी बसतात आणि सगळं ओझं कुल्ल्यांवर आपटत राहतं. बाटल्या शूजमध्ये खोचल्या की हलत नाहीत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: घडी बंद करायचे कंपनीचे पट्टे फक्त रिकामा पॅड बंद होईल एवढेच लांब असतात. आत डबा गेला की हुक पोचत नाही. जास्तीची एक हात पट्टी प्रत्येक जागी जोडून घ्या.

आता तक्रार. मोठ्या पॅडचा खांद्याचा डावा पट्टा संक्रांतीच्या आसपास उसवला. उसवला म्हणजे शिवण टिकली, कव्हरचं कापडच शिवणीच्या रेषेवर फाटलं. विकणाऱ्याला मेल केला, फोटो पाठवले. उत्तर आलं की पॅड "लहान अंतरावर एकटा" वाहून नेण्यासाठी आहे, बिल पाठवा, बघतो. अजून बघतायत. मी कंपनीचं नाव घेत नाही, कारण नंतर मित्रांचे पॅड उलटेपालटे करून बघितले तर बऱ्याच जणांचं हेच आहे: पट्टा थेट कापडाला शिवलेला.

खडेबाजारात बॅगा दुरुस्त करणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडं नेला. त्यांनी पॅड जमिनीवर ठेवला, पट्टा धरून दोनदा उचलला आणि विचारलं, "ह्यात काय भरतोस रे, सिमेंट?" मग म्हणाले, "कापडाला वजन द्यायचं नाही बघ. पट्ट्याला पट्टा शिवायचा." त्यांनी दोन इंची नायलॉनची पट्टी पॅडच्या खालून पूर्ण वळसा घालून वर आणली, म्हणजे पॅड त्या पट्टीच्या झोळीत बसला, आणि खांद्याचे पट्टे त्या पट्टीला शिवले. मेण लावलेला जाड दोरा, चौकोनात फुली. कापडावर आता ओझंच येत नाही. उरलेल्या हंगामभर तीन पॅडचं वजन खाऊनही तो टाका हललेला नाही. नवीन पॅड घेणाऱ्यानं दुकानातच हे उलटून बघावं: पट्टा खालून फिरून आलाय का कापडातून उगवलाय.

त्याच मामांकडून दुसरं काम करून घेतलं ते कमरपट्ट्याचं, आणि अख्ख्या हंगामात सगळ्यात जास्त फायदा त्याचा झाला. पॅडबरोबर येणारा कमरपट्टा म्हणजे बोटभर रुंदीची नाडी. पोटावर बांधली की ओझं हलत नाही एवढंच, वजन काही कमरेवर येत नाही. मी जुन्या ट्रेकिंग सॅकचा गादीदार पट्टा कापून त्या खालच्या वळशाला शिवून घेतला. आता खांद्याचे पट्टे चालता चालता सैल सोडता येतात. पूर्वी माळावर पोचेपर्यंत बोटांना मुंग्या यायच्या आणि पहिला अर्धा तास पकडच बसायची नाही. चढायला जाताना हात वाटेतच खर्ची घालण्यात काय अर्थ आहे?

बकलचं म्हणाल तर प्लॅस्टिकचे खटक्याचे बकल एकेक करून गेले. थंडीत एक फुटला, एकावर कुणीतरी बूट दिला. शिडीसारख्या बकलात माळाची धूळ बसली की पट्टी आपोआप सरकते, दर दहा मिनिटांनी ओढत बसा. धातूचे कॅम बकल तेवढे नाव घेण्यासारखे. वेल्क्रो तर आमच्याकडं आणूच नका. नोव्हेंबरात माळावरचं गवत वाळतं आणि कुसळं वेल्क्रोच्या आकड्यांत अशी भरतात की सुईनं उकरावी लागतात. माझ्या पॅडची वेल्क्रोची झडप नाताळापर्यंत मेली. खालच्या बाजूला सराटे रुततात ते वेगळेच; घरी पॅड उचलताना तळहाताला कळतं. ताडपत्रीचं कव्हर या बाबतीत विकतच्याला भारी पडलं. बोरीच्या काट्यानं विकतच्या कापडाला दोन जागी चीर गेली, ताडपत्रीवर नुसते ओरखडे. ताडपत्री जड आणि ओली असली की निसरडी, हे कबूल.

वाऱ्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. उघड्या माळावर दुपारी वारा सुटला की दोन पॅड म्हणजे पाठीवर बांधलेलं दार. वाऱ्याकडं पाठ किंवा तोंड केलं तर ढकलला जातो, कूस केली तर वारा कडेवरून निघून जातो, पण मग खेकड्यासारखं चालायचं. कड्याच्या काठाजवळ वारा असेल तर आम्ही सरळ पॅड उतरवून दोघांनी हातात धरून नेतो. मोटारसायकलवर मागं बसून पॅड नेणारे हायवेला दिसतात. ट्रक शेजारून गेला की काय होतं ते त्यांना माहीत असणारच, तरी नेतात.

माणसांची वाटणी हा शेवटी पट्ट्यांइतकाच महत्त्वाचा भाग निघाला. चार पॅड असले तर चौघांत प्रत्येकी एक पॅड आणि आपापलं पाणी, हे न्यायाचं वाटतं पण चालताना वाईट. प्रत्येकाच्या पाठीवर दार, कुणालाच धड पाय दिसत नाहीत. त्यापेक्षा दोघांवर दोन-दोन पॅड आणि बाकीच्या दोघांवर पाणी, डबे, शूज सगळं. बिनपॅडचा एक पुढं, वाट आणि फांद्या सांगत. एक मागं, नाल्यात पॅडला खालून हात द्यायला. परतीला अदलाबदल. पोटावर छोटी सॅक अडकवून तोल साधायची युक्ती सपाटीला छान आहे, पण उतरताना आपलीच पावलं दिसत नाहीत, तेव्हा ती काढून हातात घ्यायची. एकट्यानं तीन पॅड नेता येतात, मी नेलेत, आणि कुणाला सुचवणार नाही. दोन खेपा केलेल्या परवडतात.

उसाच्या बांधावर एक वेगळाच प्रश्न येतो. तोडणीच्या आधी पाला दोन्हीकडून वाटेवर आलेला असतो, रुंद पॅड त्याला घासत जातो आणि मालकाला लांबून नुसता ऊस हललेला दिसतो. आमच्या वाटेवरचे एक आजोबा पहिल्यांदा काठी घेऊनच आले. बघून म्हणाले, "हासिगी तगोंड एल्ली होंटीरी?" म्हणजे गादी घेऊन कुठं निघालात? आमच्यातला एक जण कन्नड फर्डा बोलतो, त्यानं सांगितलं की दगडावर चढतो, पडलो तर लागू नये म्हणून ही गादी. आजोबांना पटलं की नाही देव जाणे, पण त्यांनी पलीकडचा पाटाचा रस्ता दाखवला. तो दहा मिनिटांनी लांब आहे आणि पॅडसाठी कितीतरी बरा. तेव्हापासून तिकडूनच जातो.

देखभाल थोडक्यात. पॅड घडी घालून महिनोन् महिने ठेवू नका, घडीच्या जागी फोम मरतो. ओम्नीत दुपारभर उन्हात राहिला तेव्हा बनवून घेतलेल्या पॅडचा गोंद सुटून थर वेगळे झाले; शहापूरवाल्यानं पुन्हा चिकटवून दिला. पावसाळ्यात तसंही काम नाही, कारण वालुकाश्म ओला असला की कमजोर होतो आणि पकड हातात निघून येते; वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. तोवर बेळगावच्या दमट हवेत पॅडला बुरशी धरते. उघडून, भिंतीला उभा, चेन उघडी ठेवून.

हे सगळं लांब वाटेसाठी. तुम्ही बदामी किंवा हंपीलाच जाणार असाल तर एवढा खटाटोप करू नका. हंपीकडं पॅड भाड्यानं मिळतात आणि दगड दारात असतात. आमच्यासारखी वाट असेल तर पैशांची वाटणी अशी करा: एकच चांगला पॅड, दुसरा स्थानिक बनवलेला, आणि उरलेले कमरपट्टा व कॅम बकलवर. विकतचा दुसरा पॅड घ्यायचा आमचा विचार होता, तो रद्द केला. त्या पैशात शहापूरवाल्याकडं अजून एक टाकलाय, यावेळी पट्टी खालून वळसा घालूनच.