मेयर की डे? कोलंबसात बाजू घेण्याआधी
कोलंबसात शनिवारी कुणाकडेही जेवायला जा, आमटी वाढेपर्यंत वाद पेटलेला असतो: इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच म्हणून अर्बन मेयर मोठा, की त्याच्या जागी आलेला रायन डे? नव्या माणसालाही बाजू घ्यावीच लागते. मी घेतली आहे, पण आधी मेयरचं देणं चुकतं करतो.

२०१२ ते २०१८, ८३ विजय, ९ पराभव. २०१४ ला तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा) उतरवून राष्ट्रीय विजेतेपद. आणि कट्टर वैरी मिशिगनविरुद्ध सातपैकी सात. हे शेवटचं इथे फार जड आहे. त्या सामन्याच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवर इंग्रजी 'एम' दिसला की लाल फुली मारतात, आणि मिशिगनला हरवलं की खेळाडूंना नखाएवढी सोन्याची पँट मिळते. डेच्या हाताखाली २०२१ ला आलेली पोरं चार वर्षं खेळून त्या पँटीविनाच गेली. २०२४ चा घरच्या मैदानावरचा १३-१० तर विचारू नका. पास झेलण्यात पटाईत जेरेमाया स्मिथसारखा पोरगा कडेला उभा, आणि हे आपले पास टाकायचं सोडून चेंडू घेऊन मधल्या भिंतीवर डोकं आपटतायत! मी टीव्ही बंद करून भांडी घासायला घेतली.

तरी माझं मन मेयरवरून उडालं ते आधीच, २० ऑक्टोबर २०१८ च्या रात्री. परड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या मित्राकडे त्यांच्याविरुद्धचा सामना बघायला चार तास गाडी हाकत गेलो होतो. ओहायो स्टेट तोवर अपराजित. समोर परड्यूचा पहिल्या वर्षाचा रॉन्डेल मूर. जवळचा, साधासा पास घ्यायचा आणि आमच्या बचावातून असा निसटायचा, जणू लोकलच्या दारातून उतरतोय. शेवटी तर ४३ यार्ड पळत गेला. आमचे नुसते अंगाला हात लावून पडत होते. ४९-२०. हरण्याचं एवढं नाही. पण आदल्याच वर्षी आयोवाने ५५-२४ असं सोललं होतं, आणि वर्ष उलटूनही गळती तशीच. सगळा मोसम छान जायचा, आणि मधेच एखाद्या मध्यम संघाकडून असा मार. त्या धास्तीने पुढचा एकही शनिवार मला निवांत बघता आला नाही.

खरं सांगायचं तर त्या रात्री मेयरचा सहायक म्हणून आक्रमण डेच्याच हातात होतं. आमचा क्वार्टरबॅक हॅस्किन्सने ७३ पास फेकले, तरी गुण २०. म्हणजे तोही काही सोवळा नाही.

पण मिशिगनकडून १३-१० खाल्ल्यावर तीन आठवड्यांत डेने मधूनच घुसायचा आपला हट्ट सोडला. राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये टेनेसीला ४२-१७. ऑक्टोबरात एका गुणाने हरवून गेलेल्या ओरेगनवर रोझ बोलमध्ये एका क्षणी ३४-०. मग अंतिम सामन्यात नोत्र दाम अंगावर आलेलं, थर्ड अँड इलेव्हन, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि अजून अकरा यार्ड हवेत. मला वाटलं, आता हा गडी चेंडू पोटाशी धरून वेळ काढणार. त्याने स्मिथकडे ५६ यार्डांचा पास टाकायला लावला. ३४-२३.

तुम्हाला वर्षातला तो एकच मिशिगनचा सामना हवा असेल तर मेयरच घ्या, मी भांडणार नाही. तसं २०२५ ला मिशिगनच्या घरी, ॲन आर्बरच्या बर्फात डेनेही २७-९ करून दाखवलं. पँट मिळाली एकदाची.

परड्यूवाला मित्र मात्र दर ऑक्टोबरात स्कोअरबोर्डचा तोच फोटो पाठवतो.