परसबागेत एडामामे लावावं की साधं सोयाबीन?

शेंगा हिरव्या असतानाच मिठाच्या पाण्यात उकडून सोलत खायच्या असतील, तर एडामामेच, म्हणजे हिरव्या शेंगांसाठी लावलं जाणारं टपोऱ्या दाण्याचं सोयाबीन, लावा. नुसते हिरवे दाणे उसळीत घालायचे असतील, तर शेतातलं साधं सोयाबीनही चालतं. दाणा बारीक आणि सोलायला कटकटीचा, एवढंच. उग्र वासही थोडा जास्त.

खरा फरक बियाण्यात आहे. साध्या सोयाबीनच्या ‘जेएस ३३५’ या वाणाच्या १०० दाण्यांचं वजन १०-१३ ग्रॅम भरतं, एडामामेचं साधारण ३० ग्रॅम किंवा जास्त. एवढा टपोरा दाणा उगवायला नाजूक असतो आणि जुना झाला की उगवतच नाही. रात्रभर भिजवूही नका: पाणी भसकन शोषून डाळिंब्या तडकतात. ओलसर वाफ्यात ३ सेंमी खोल, एका जागी दोन दाणे टोका. लगेच पाणी तुंबलं तर दाणे कुजतात; वर पपडी धरली तर हलक्या हाताने फोडा. साधं सोयाबीन हे सगळं बऱ्यापैकी सोसतं.

दोन्हींची पेरणी जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत. जपानी लवकर येणारे वाण आपल्याकडच्या लहान दिवसांत वीतभर असतानाच फुलतात, म्हणून ओळींत ३० आणि रोपांत १० सेंमी पुरे. साधी रोपं फांद्या फोडतात, त्यांना १५ सेंमी द्या. रांचीच्या संशोधन केंद्राचं ‘स्वर्ण वसुंधरा’ हे भाजीचं देशी वाण मिळालं, तर आम्ही जपानी बियाण्याआधी तेच घेऊ.

ज्या मातीत कधीच सोयाबीन नव्हतं, तिथे बियाण्याला सोयाबीनचंच रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) चोळा. मुळावरची गाठ चिरून आत गुलाबी दिसली की ते कामाला लागलंय. मग युरिया नको. पानं माजतात, शेंगा कमी धरतात. खोडमाशी, चक्रीभुंगा, पानं खाणारी अळी दोघांनाही सोडत नाहीत.

काढणीत एडामामे फार वाट पाहत नाही. दाण्यांनी शेंग गच्च भरली, पण रंग अजून हिरवागार आहे, असे जेमतेम आठवडाभराचे दिवस मिळतात. शेंग पिवळसर झाली की दाणा पिठूळ होतो. म्हणून दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत पेरा. तोडल्यावर गोडी तासागणिक उतरते, तेव्हा आधी पाणी उकळत ठेवा: १ लिटरला ४० ग्रॅम मीठ, शेंगा ५ मिनिटं. कच्चे दाणे दोन्हींचे पचत नाहीत.

साधं बियाणं कृषी केंद्रातून आणलंत, तर त्याला बहुधा बुरशीनाशक लावलेलं असतं. उरलेलं स्वयंपाकघरात नेऊ नका.