राहण्यासाठी जुनी शिडाची बोट: लाकडी की फायबरची, आणि दुरुस्ती खाडीवर की सांगलीत?

सांगली-मिरजेच्या माणसाने कोकण किनाऱ्यावर बोटीत राहायचं ठरवलं आणि जुनी शिडाची बोट शोधली, तर समोर लाकडी आणि फायबरची असे दोन प्रकार येतात. बहुतेक जण लांबी, इंजिन आणि किंमत बघून निवडतात. आधी ठरवायला हवं ते काम कुठे करणार हे, कारण सांगलीच्या कोरड्या हवेत फायबर सुधारतं आणि लाकूड फाटतं.

लाकडी बोट

लाकडी बोट पाणी रोखते ती फळ्या फुगून एकमेकींना दाबतात म्हणून. तासगाव-कवठेमहांकाळच्या शेडवर ज्या हवेत द्राक्षांचा पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो, ती हवा फळ्यांतलंही पाणी ओढून घेते आणि सांधे उघडतात. त्या उघड्या फटींत सुती दोर ठासून वर पुटी मारली की काम देखणं दिसतं. पण बोट पाण्यात गेली की फळ्या फुगतात, त्यांना जागा उरत नाही, मग आतल्या फासळ्या तडकतात किंवा खिळे सैल होतात. म्हणून लाकडी बोट खाडीकाठीच, झापांच्या सावलीत, ओली गोणपाटं टाकून दुरुस्त करावी. होडीचे सुतारही तिथेच मिळतात. पाण्यात उतरवल्यावर पहिले दोन-तीन दिवस पंप चालू ठेवून कुणीतरी बोटीवर थांबायलाच हवं.

खरेदीआधी टोच्याने फळ्या, फासळ्या आणि कीलचा (बोटीच्या तळाच्या कण्याचा) सांधा तपासा. लोखंडी खिळ्याभोवती काळं, मऊ वर्तुळ दिसलं तर फळी चांगली असली तरी तिची पकड गेलेली असते. खाऱ्या पाण्यातली कीड बाहेरून टाचणीएवढं भोक ठेवते आणि आत बोगदे करते, तेव्हा ठोकून आवाज ऐका. कुजणं मात्र समुद्राच्या पाण्याने कमी आणि डेकवरून झिरपणाऱ्या पावसाच्या गोड्या पाण्याने जास्त होतं. त्यामुळे बंक आणि कपाटांमागचे कोपरे आधी उघडून बघा.

फायबरची बोट

जुन्या पॉलिस्टर बोटीचा नेहमीचा आजार म्हणजे पाण्याखालच्या भागावर येणारे फोड. फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर पाणी जेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून, आत शिरून रेझिनचं, म्हणजे फायबर बांधून ठेवणाऱ्या द्रव्याचं, विघटन करतंय. नुसते फोड घासून रंग दिला तर ते पुन्हा येतात, कारण आत ओलावा आणि आम्ल दोन्ही राहिलेले असतात.

उपाय क्रमाने असा. खराब जेलकोट पूर्ण उतरवा. गोड्या पाण्याने, शक्यतो गरम, पुन्हा पुन्हा धुवा, म्हणजे आम्ल निघून जाईल. मग वाळू द्या. कामाचा सगळा वेळ इथेच जातो, काही आठवडे ते काही महिने. ठरावीक खुणांवर दर आठवड्याला ओलावा मीटर लावा आणि आकडे खाली येऊन स्थिर झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला आणि आत बाष्प दिसलं, तर बोट अजून ओली आहे.

रत्नागिरीला वर्षाला 3,000 मिमीच्या वर पाऊस आणि हिवाळ्यातही पहाटे दव. सांगलीत पाऊस साधारण 600 मिमीच्या आसपास. नोव्हेंबर ते एप्रिल इथे जे वाळतं ते किनाऱ्यावर वाळायला फार वेळ घेतं.

त्यानंतर इपॉक्सीचा, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनचा, थर. 30 फुटी बोटीचा पाण्याखालचा भाग सुमारे 22 चौरस मीटर धरला, तर 300 मायक्रॉन जाडीला 6.6 लिटर आणि वाया जाणारं धरून 8-9 लिटर सॉल्व्हंटविरहित इपॉक्सी लागेल. आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत हवी आणि पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम हवा. सांगलीच्या उन्हाळ्यात स्लो हार्डनर घ्या, एका वेळी 200-250 ग्रॅमच मिसळा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, नाहीतर डबा तापून मिश्रण हातातच आवळतं. कोट उतरत्या उन्हात द्या. सकाळी तापत्या पृष्ठभागातून हवा बाहेर येऊन बारीक छिद्रं पडतात. पहिला कोट पूर्ण सुकला असेल तर त्यावरचा तेलकट थर साध्या पाण्याने स्क्रबरने घासून काढा, मगच पुढचा लावा.

डेकखालचा बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लाय भिजलेला असेल तर हातोडीचा आवाज बद्द येतो, विशेषतः रेलिंगच्या खांबांभोवती. वरचा थर कापून ओला गाभा काढा आणि आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय बसवा. आयएस 303 चा स्वस्त प्लाय घेऊ नका.

आणायची कशी

मोटार वाहन नियमांत रस्त्यावरची रुंदी 2.6 मीटरपर्यंत. 30 फुटी बोट बहुधा 3 मीटर रुंद असते, म्हणजे वेगळा परवाना आणि लो-बेड ट्रेलर. डोलकाठी उतरवून वेगळी आणावी. आंबा किंवा कुंभार्ली घाटातली वळणं ट्रेलरवाल्याला आधी स्वतः बघू द्या. हा खर्च झेपत नसेल तर 25-26 फुटी बोट बघा. शेड नदीकाठी घेऊ नका. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती आणि धोक्याची पातळी 45 आहे. कुपवाडकडची उंच जागा बरी.

इथला आणखी एक फायदा म्हणजे साखर कारखाने आणि डेअऱ्यांची स्टेनलेस स्टीलची कामं करणारे टिग (आर्गॉन गॅसच्या) वेल्डर. डेकमधून जाणाऱ्या, डोलकाठीच्या आधाराच्या तारा पकडणाऱ्या पट्ट्या बाहेरून चकचकीत दिसल्या तरी डेकच्या जाडीत पाणी साचून तिथेच चिरतात. त्या बाहेर काढून बघा आणि 316 स्टेनलेस स्टीलच्या नव्या करून घ्या. उष्ण हवेत दहा वर्षांपेक्षा जुन्या तारा सरळ बदला. कोल्ड स्टोरेजवाल्यांकडचं 100 मिमी जाडीचं पफ (उष्णता रोखणारा फोम) फ्रिजच्या पेटीला वापरा. कमी जाडीने फ्रिजला जास्त वीज लागते आणि वाचलेली जागा जास्तीच्या बॅटऱ्यांमध्ये खर्च होते.

शनिवार-रविवारीच वेळ असेल तर फायबरची बोट घ्या आणि सांगलीत आणा, हे आम्ही ठामपणे सांगतो. लाकडी बोटीवरच मन असेल तर खाडीकाठी घर भाड्याने घेऊन तिथे एक पूर्ण हंगाम राहण्याची तयारी ठेवा, फोनवरून ते काम होत नाही. दोन्हींत गॅस सिलिंडर केबिनमध्ये नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर तळाशी साचतो, तेव्हा त्याला डेकवर वेगळी पेटी करा आणि तिच्या तळाचं भोक थेट बोटीबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर उघडू द्या.