वेतापूर्वीची दीड वर्षे: यॉर्कशायरमधील एका गोल्डन रिट्रीव्हर ब्रीडरविषयी

उत्तर यॉर्कशायरमधील ज्या बाईंकडून आम्ही गेल्या वर्षी कामाच्या घराण्यातील, म्हणजे शिकारीत पडलेले पक्षी आणण्यासाठी जोपासलेल्या, गोल्डन रिट्रीव्हरचे पिल्लू घेतले, त्या वर्षाआड एकच वेत घेतात आणि जाहिरात करत नाहीत, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांच्या कामाबद्दल मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण पिल्लू हाती येण्यापूर्वी त्यांनी घालवलेली दीड वर्षे हाच त्यांच्या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी पिल्लांचा विषयही काढला नाही, तर पिल्लांची आई होणारी त्यांची कुत्री काम करताना दाखवली. तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यात, सरावासाठी पक्ष्याऐवजी वापरतात ती कॅनव्हासची डमी पडली, शेजारची कुत्री ती आणायला सुटली, तरी ही जागची हलली नाही; फक्त तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या. दुसऱ्या डमीला तिला पाठवले तेव्हा ती पोहत गेली आणि परत आल्यावर अंग झटकण्याआधी तिने डमी बाईंच्या हातात दिली. मी ती उलटसुलट करून पाहिली. कापडावर दाताची एकही खूण नव्हती. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या गृहस्थांनी १८६८ साली स्कॉटलंडमधील आपल्या इस्टेटीवर पिवळा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल यांचे वेत घेतले आणि त्यातून ही जात घडवली, ती असे पाण्यातून पक्षी अलगद आणणारे कुत्रे हवे होते म्हणूनच.

त्यानंतर स्वयंपाकघरातील टेबलावर कागद आले. खुब्यांच्या तपासणीत दोन्ही बाजू मिळून ० ते १०६ असे गुण देतात आणि गुण जितके कमी तितका सांधा चांगला. या कुत्रीचे गुण ९ होते आणि कोपरांचा दर्जा ०, म्हणजे निर्दोष. इक्थिओसिस या आनुवंशिक त्वचारोगाची मात्र ती वाहक होती, म्हणजे स्वतः आजारी नसली तरी दोष पुढे देऊ शकणारी. तेवढ्यासाठी तिला बाद न करता बाईंनी या दोषापासून मुक्त असलेला नर निवडण्याचे ठरवले होते, कारण अशा जोडीचे एकही पिल्लू या रोगाने आजारी होत नाही, आणि प्रत्येक वाहक बाजूला काढत गेल्यास आधीच मर्यादित असलेले कामाचे रक्त आणखी आटते. हा विचार मला फार पटला. फील्ड ट्रायल, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या कामाच्या स्पर्धा, गाजवलेला एक नर त्यांच्या मनात होता, पण तो आणि कुत्री सख्खी मावसभावंडे निघाली; एवढ्या एका नात्यानेच पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आईबाप नात्यातले असल्याचे माप, ६.२५ टक्के होतो, म्हणून त्यांनी तो सोडला.

दुसऱ्या नराच्या डोळ्यांची वार्षिक तपासणी त्याच्या मालकाकडून वेळेत झाली नव्हती. कुत्री माजावर आली होती, आमच्यासह पाच कुटुंबे वाट पाहत होती, तरीही बाईंनी तो माज सोडून दिला आणि प्रत्येकाला फोन करून कारण सांगितले. आम्हाला आणखी सात महिने थांबावे लागले आणि त्या वेळी मी नाराज झालो होतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पुढच्या माजात एक दिवसाआड रक्त तपासून, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या आकड्यावरून बीज सुटल्याचा दिवस ठरवला गेला आणि तेथून ६३ दिवस मोजून विण्याची तारीख काढली. कुत्री एकच दिवस आधी व्याली. सात पिल्ले झाली.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिल्या आठवड्यातील आहाराची माहिती त्यांनी तोंडी आणि घाईत दिली. ती लिहून मिळायला हवी होती. त्या फोन फक्त संध्याकाळी उचलतात. पिल्लू त्याच निवडून देतात, त्यामुळे फिकट रंगाचे, भारदस्त, शो-रिंगमध्ये दिसणारे गोल्डन हवे असलेल्यांनी तेथे जाऊ नये. ही कुत्री अंगाने सडपातळ, गडद सोनेरी आणि दिवसभर काम मागणारी असतात. दोघेही आठ-आठ तास बाहेर असणाऱ्या एका मराठी जोडप्याला त्यांनी स्पष्ट नकार दिला आणि तो मला योग्यच वाटला.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून व्यापाऱ्याला सहा महिन्यांखालील पिल्लू विकता येत नाही. विकत घ्यायचे तर ते प्रत्यक्ष ब्रीडरकडूनच, आईसोबत पाहून घ्यावे लागते. आम्ही तर आईला चार वेळा भेटलो. पुण्यातील नातेवाइकांसाठी एवढे सांगतो की भारतातील २०१७ च्या नियमांनुसारही आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही.

करारानुसार कुत्रे सांभाळणे आम्हाला कधीही अशक्य झाले, तर ते बाईंकडेच परत जाईल. खुबे, कोपरे आणि डोळे तपासल्याशिवाय त्याच्यापासून पिल्लेही घेता येणार नाहीत. आमचे पिल्लू आता अकरा महिन्यांचे आहे. वर्ष पूर्ण होताच त्याच्या खुब्यांचा एक्स-रे काढावा, असे आठवण करून देणारे पत्र बाईंकडून मागच्या आठवड्यात आले. एक्स-रेचा अर्धा खर्च त्या देणार आहेत, कारण सातही पिल्लांचे गुण हाती आल्याशिवाय या कुत्रीचे पुढचे वेत घ्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले आहे.