रेल शॉट पक्का करायचाय? दादरचं हे पूल पार्लर बघाच, फक्त टेबल नंबर दोन मागा

दादर वेस्टला स्टेशनपासून चालत जाता येतं, जुन्या बिल्डिंगचा पहिला मजला, चार टेबलं, बाहेर साधी पाटी. मी इथे बरेच महिने जातोय आणि मुख्यतः एकाच गोष्टीसाठी, कुशनला (म्हणजे रेलला, टेबलाच्या रबरी कडेला) चिकटलेला बॉल पॉट करायला, म्हणजे पॉकेटमध्ये पाडायला. चांगले चांगले खेळणारे पण या शॉटला टरकतात. जिंकायला पाडायचा आठ नंबरचा बॉल रेलला चिकटून बसला की समोरचा लगेच खूश, कारण त्याला माहितीये आता हा चुकणार. म्हणून रिव्ह्यू पण त्याच हिशोबाने लिहितोय, सोफे आणि कोल्ड कॉफीचं बाकीच्यांनी लिहिलंच आहे.

आधी पॉकेट. इथली कॉर्नर पॉकेटं टाइट आहेत, साडेचार इंचाची. तपासायचं असेल तर दोन बॉल शेजारी शेजारी तोंडात ठेवून बघा, बॉल सव्वादोन इंचाचा असतो त्यामुळे दोन मिळून बरोब्बर बसतात. वेस्टर्न लाइनच्या एका चकाचक जागी खेळलोय तिथे पॉकेट इतकं मोठं की रेलवरून कसाही ढकला, बॉल पडतोच, मग मजा येते पण शिकत काहीच नाही. इथे जोरात मारलं तर बॉल पॉकेटच्या एका गालाला (तोंडाच्या कडेला) लागतो, तिथून दुसऱ्या गालाला, खडखड करून बाहेर. तोच बॉल हळू सोडा, गालाला घासून सुद्धा आत पडतो. पेस कंट्रोल, म्हणजे किती जोरात मारायचं याचा ताबा, का लागतो ते टेबलच दाखवून देतं.

पण जायचं खरं कारण म्हणजे इथले मार्करकाका, टेबलं सांभाळणारे आणि स्कोअर ठेवणारे. आयुष्य बिलियर्ड्सच्या टेबलांभोवती गेलंय. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७ साली बिलियर्ड्सची वर्ल्ड अमॅच्युअर चॅम्पियनशिप जिंकली त्या काळाच्या गोष्टी निघाल्या की काका थांबत नाहीत, आणि बसून ऐकण्यासारखं असतं. शिकवायचे वेगळे पैसे घेत नाहीत, दुपारी गर्दी नसली की स्वतःहून येऊन उभे राहतात.

त्यांची पद्धत अशी. लाँग रेलवर एक बॉल कुशनला चिकटवून ठेवतात, मग पॉकेटच्या उलट्या बाजूने त्याला खेटून दुसरा बॉल, तो पण कुशनला चिकटलेला. आता म्हणतात व्हाइटच्या (क्यूने, म्हणजे काठीने, मारायच्या पांढऱ्या बॉलच्या) मागे जा आणि बघ, "अरे बॉलकडे नको बघू, जागेकडे बघ, व्हाइट तिथे जाऊन बसला पाहिजे." मग दुसरा बॉल उचलून घेतात आणि ती रिकामी जागा डोक्यात ठेवून मारायचं. म्हणजे व्हाइटने बॉल आणि कुशन दोघांना एकदम टच करायचं. बहुतेक जण बॉल जाड घेतात (त्याच्या मध्याच्या जास्तच जवळ मारतात), व्हाइट आधी बॉलला लागतो, बॉल कुशनमध्ये दाबला जातो आणि रेल सोडून बाहेर येतो. चुकायचंच असेल तर कुशनच्या बाजूला चुका, आधी केसभर कुशन लागली तरी बॉल बऱ्याचदा जातो. त्यात पॉकेट ज्या बाजूला आहे त्या बाजूची थोडीशी साइड द्यायची (क्यूचं टोक व्हाइटच्या मध्याऐवजी त्या बाजूला लावून फिरकी), म्हणजे व्हाइट कुशनला लागून मागे न उसळता रेलच्या बाजूने पुढे सरकतो आणि चुकीला जास्त जागा मिळते. कॅरममध्ये कडेला लागलेली सोंगटी मारणाऱ्याला निम्मं आधीच कळलेलं असतं, फक्त स्ट्रायकरला साइड नसते, इथे आहे.

दुसरा प्रकार, व्हाइटच रेलला चिकटलेला. कुशनचं नाक साधारण ३६ मिलिमीटर उंच असतं आणि बॉल ५७ चा, म्हणजे टिप लावायला वरचा जेमतेम दोन सेंटिमीटर भाग उरतो. स्क्रू (व्हाइटला खाली मारून मागे आणणं) विसरा. क्यू रेलवर ठेवून बोटांमधून सरळ सोडायचा, मागचा हात लागेल तितकाच वर, कारण क्यू उचलून नकळत साइड लागली की व्हाइट वळतो. हे काका अक्षरशः मनगट धरून करून घेतात.

बॉल ते दर थोड्या वेळाने फडक्याने पुसतात, आणि मला हे फार आवडतं. चिकट, चॉक लागलेले बॉल एकमेकांना धरतात आणि रेल शॉटला तर बॉल सरळ कुशनमध्ये ओढला जातो, मग आपल्याला वाटतं नेम चुकला. पावसाळ्यात कापड दमट होऊन जड पडतं, बॉल हळू चालतो, तेव्हा एसी दुपारपासून चालू ठेवतात तरी पेस थोडा वाढवावाच लागतो. जुलैमध्ये गेलात तर पहिली दहा मिनिटं नुसते रेलवरून बॉल सोडून टेबल समजून घ्या.

आता तक्रारी. चार नंबरच्या टेबलाला पिलर इतका जवळ आहे की त्या बाजूने व्हाइट रेलला लागला तर क्यू मागे घेताच येत नाही, छोटा क्यू देतात पण त्याची टिप गुळगुळीत झालीये. तीन नंबरची एक शॉर्ट कुशन मेलेली आहे, बॉल लागला की धप्प आवाज येतो आणि तिथेच राहतो, हे सांगून झालंय, अजून बदललेली नाही. प्रॅक्टिसला ती दोन टेबलं घेऊच नका. एक आणि दोन उत्तम, त्यातही दोन वर लाइट सगळीकडे सारखा पडतो, रेलच्या कडेला सावली येत नाही.

पैसे तासाप्रमाणे, फ्रेमप्रमाणे (दर डावाला) नाही, आणि दुपारचा रेट संध्याकाळपेक्षा कमी. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं, कारण जिथे हरणारा फ्रेमचे पैसे देतो तिथे एकच शॉट परत परत लावून कोण मारू देणार. शनिवार रविवार संध्याकाळी जाऊ नका, गाणी मोठ्याने लावतात, वेटिंग असतं आणि काकांना श्वास घ्यायला वेळ नसतो. वर्किंग डेला दुपारी फोन करून जा आणि टेबल नंबर दोन सांगूनच ठेवा.

पाचपैकी चार स्टार. ती तीन नंबरची कुशन बदलली की पाचवा पण देतो.